सदाशिव पेठेचा नंबर चौदा



कात्रजच्या बोगद्यात रेंज गेली आणि ऐकणं अर्ध्यात तुटलं, असे बरेच मेसेज आले. शिवाय काहींना आकडेमोड कानाने झेपत नाही. अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी बराच वाहवत गेलो होतो, ते थोडं आवरलंय. आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत. शक्य असेल तर हाताशी कागद-पेन घेऊन वाचा.

हा भाग झाला तो एका व्हॉइस नोटमुळे. पाठवणारा मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात रूमवर राहतो. तो म्हणाला, "दादा, साध्या संख्येची बायनरी करताना दोनने भागत जायचं आणि बाकी लिहीत जायची, एवढं समजलं. पण शेवटी त्या बाक्या खालून वर का वाचायच्या? सरांना विचारलं तर म्हणाले, नियम आहे, पाठ कर. वर्गात सगळ्यांना कळलेलं दिसतं. मलाच कळत नाही. मी चुकीच्या लाइनला आलोय का?"

ते शेवटचं वाक्य मी तीनदा ऐकलं. कारण नेमकं हेच वाक्य मी स्वतःला म्हटलं होतं, अगदी याच गणितावरून.

माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. चिठ्ठीत प्रश्न आला: दिलेल्या संख्येचं बायनरीत रूपांतर करणारा प्रोग्राम लिहा. मला वाटलं, लॉटरी लागली. जे लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं होतं:

संख्या = १३
बाक्या = रिकामी ओळ
जोपर्यंत संख्या शून्यापेक्षा मोठी आहे, तोपर्यंत:
    बाकी = संख्येला २ ने भागून उरलेली बाकी
    बाक्या = बाक्या + बाकी
    संख्या = संख्येचा निम्मा, अपूर्णांक टाकून
बाक्या दाखव

पायथॉनमध्ये बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह वापरतात आणि अपूर्णांक टाकून भागायला दोन तिरप्या रेघा. बाकी सगळं हेच. प्रोग्राम चालवला. १३ भागिले २, उरले ६, बाकी १. ६ भागिले २, उरले ३, बाकी ०. ३ भागिले २, उरला १, बाकी १. १ भागिले २, उरलं ०, बाकी १. स्क्रीनवर आलं: १०११.

परीक्षकांनी पाहिलं, म्हणाले, "उलटं आलंय," आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बरोबर उत्तर ११०१. माझ्या कोडमध्ये एकच ओळ फिरवायची होती. नवी बाकी शेपटाला न जोडता डोक्याला जोडायची: बाक्या = बाकी + बाक्या. संपलं. पण का, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी येताना बसमध्ये ठरवून टाकलं की हे आपलं काम नाही.

तर आधी त्या मुलाचं उत्तर. १३ ला दोनऐवजी दहाने भागून बघ. भागाकार १, बाकी ३. ही ३ म्हणजे कोण? एककाच्या घरातला अंक. म्हणजे भागायला लागलं की हाताला सगळ्यात आधी एकक लागतो, मग दशक, मग शतक. लिहिताना मात्र आपण एकक सगळ्यात उजवीकडे, म्हणजे शेवटी लिहितो. दोनने भागतानाही तेच होतं. पहिली बाकी म्हणजे एककाचं घर, दुसरी म्हणजे दोनाचं, तिसरी चाराचं, चौथी आठाचं. हातात येण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम त्याच्या उलटा, म्हणून खालून वर वाचायचं. यात गणिताचा काही कायदा नाही, फक्त लिहिण्याची सवय आहे.

इथेच हा भाग संपला असता. पण लॉकडाऊननंतर एकदा आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे वायफाय दुरुस्त करायला गेलो होतो. काकू निवृत्त शिक्षिका, सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. त्यांचा नातू हेच बायनरीचं गणित करत बसला होता आणि मी तज्ज्ञाच्या थाटात समजावत होतो. सम आली तर शून्य, विषम आली तर एक, मग निम्मं कर, परत बघ. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर नष्ट! हे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कसं गेलं?"

मला वाटलं काहीतरी नष्ट झालं, बहुतेक राउटर.

मराठीच्या तासाला वृत्तं शिकलेली आठवतात का? लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, गुरू म्हणजे दीर्घ. 'पु' लघु, 'णे' गुरू. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू. तीन-तीन अक्षरांचा एक गण, आणि असे आठ गण. ते लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगं' हा शब्द घोकायचा. पहिली तीन अक्षरं घ्या, यमाता, म्हणजे लघु-गुरू-गुरू, हा य गण. एक अक्षर सरकून मातारा, तिन्ही गुरू, म गण. असं सरकत सरकत आठही गण निघतात. मला शाळेत हा शब्द पाठ होता आणि त्याचा उपयोग काय ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

आठच का? प्रत्येक जागी दोनच पर्याय, लघु किंवा गुरू, आणि जागा तीन. दोन गुणिले दोन गुणिले दोन. तीन बिट.

काकूंनी मला गृहपाठ दिला: आठही गण पुण्यातल्या नावांत शोधून आण. बसस्टॉपवर उभं राहून दोन दिवसांत जमलं. आळंदी, तिन्ही गुरू, म गण. खराडी, य गण. पिंपरी, गुरू-लघु-गुरू, र गण. निगडी, लघु-लघु-गुरू, स गण. बाणेर, गुरू-गुरू-लघु, त गण. कात्रज, भ गण. अडलो ते ज आणि न वर, आणि मग समोरून बस आली: विमाननगर. 'विमान' लघु-गुरू-लघु म्हणजे ज, 'नगर' तिन्ही लघु म्हणजे न. एका बोर्डावर दोन्ही.

आता हे नीट बघा. मी नावं दिली तो क्रम मनाने दिलेला नाही. म, य, र, स, त, ज, भ, न हा क्रम पिंगलाचा आहे.

पिंगल हा छंदःशास्त्राचा आद्य सूत्रकार. त्याचा काळ ठामपणे सांगता येत नाही. अभ्यासक साधारण इसवी सनापूर्वी दोन-तीनशे वर्षं असा अंदाज करतात. ग्रंथाचे आठ अध्याय, आणि त्यातल्या आठव्यात कवितेशी वरवर काही संबंध नसलेलं एक प्रकरण येतं. अमुक इतक्या अक्षरांच्या ओळीत लघु-गुरूंच्या किती रचना होऊ शकतात, त्या सगळ्या एकही न सुटता, एकही दुबार न होता कशा मांडायच्या, आणि मांडलेल्या यादीत काही शोधायचं असेल तर कसं शोधायचं. या मांडणीला 'प्रस्तार' म्हणतात. पहिल्या अक्षराच्या उभ्या रांगेत गुरू, लघु, गुरू, लघु असं आळीपाळीने लिहायचं. दुसऱ्या रांगेत दोन गुरू, दोन लघु. तिसरीत चार गुरू, चार लघु. चौथीत आठ-आठ. गुरूच्या जागी ० आणि लघूच्या जागी १ ठेवा, की समोर ० ते ७ च्या बायनरी संख्या उभ्या राहतात. फक्त एककाचं घर डावीकडे असतं. आळंदी ०, खराडी १, पिंपरी २, निगडी ३, बाणेर ४, विमान ५, कात्रज ६, नगर ७.

एककाचं घर डावीकडे! म्हणजे माझ्या प्रॅक्टिकलमध्ये आलेला १०११ हा पिंगलाच्या पद्धतीने सरळ होता. परीक्षेत चूक ती चूकच, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतक्या वर्षांनी ते कळल्यावर मी काकूंच्या सोफ्यावर मोठ्याने हसलो, आणि नातवाला वाटलं मी त्यालाच हसतोय.

आता 'नष्ट'. समजा यादी हरवली, पुसली गेली, आणि कोणी विचारलं, चौदाव्या ओळीत कोणती रचना होती? पूर्ण यादी परत न लिहिता ती ओळ काढायची, म्हणून नाव नष्ट. चार अक्षरांच्या प्रस्तारात सोळा ओळी असतात. कोड असा:

क्रमांक = १४
चार वेळा कर:
    क्रमांक सम असेल तर: 'ल' लिही, क्रमांक निम्मा कर
    नाहीतर: 'ग' लिही, क्रमांकात १ मिळव, मग निम्मा कर

पिंगलाने यासाठी दोन सूत्रं खर्च केलीत, तीही अगदी इवलीशी. चालवून बघू. १४ सम, लघु, उरले ७. सात विषम, गुरू, एक मिळवून आठ, निम्मे ४. चार सम, लघु, उरले २. दोन सम, लघु. उत्तर: लघु-गुरू-लघु-लघु. स-दा-शि-व.

मी लगेच शेजारच्या पेठा करून बघितल्या. ना-रा-य-ण: गुरू-गुरू-लघु-लघु. क्रमांक १३. श-नि-वा-र: लघु-लघु-गुरू-लघु. क्रमांक १२. शनिवारातून नारायणात, नारायणातून सदाशिवात, जशा पेठा एकीला एक लागून आहेत तशाच त्या प्रस्तारात एकाखाली एक येतात. बारा, तेरा, चौदा. हा निव्वळ योगायोग आहे, पेशव्यांनी प्रस्तार बघून पेठा वसवल्या असा फॉरवर्ड कृपया कोणी काढू नका. बुधवार आणि रविवारही बाराच येतात, त्यांचं काय करणार? शिवाय बोलताना आपण 'शनिवार' मधला शेवटचा 'र' अर्धाच म्हणतो. वृत्तात तो पूर्ण धरतात म्हणून हे जमलं.

सदाशिव चौदावा आणि माझ्या प्रोग्रामातली संख्या तेरा, हा एकचा फरक का, असं चाणाक्ष मंडळी विचारतील. पिंगल ओळी एकपासून मोजतो, आपण प्रोग्रामर शून्यापासून. त्यामुळेच त्याच्याकडे विषमला एक मिळवावा लागतो आणि सम-विषमच्या भूमिका अदलाबदल होतात. ऑफ बाय वन नावाचा जो घोळ प्रत्येक नवशिका एकदा तरी घालतो, तो इथे नियमात बसवून टाकला आहे.

अजून एक गोष्ट. तुम्ही वरच्या कोडमध्ये 'चार वेळा' च्या ऐवजी 'क्रमांक संपेपर्यंत' असं लिहिलंत तर काय होईल? क्रमांक १ वर आला की तो विषम, गुरू लिही, एक मिळवून दोन, निम्मा १. परत विषम, परत गुरू. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागेल, प्रोग्राम थांबणार नाही. मी हे करून बघितलंय, मुद्दाम नाही. माझ्या आधीच्या प्रोग्रामला उलटा आजार होता. त्याला ० दिलं की लूप सुरूच होत नाही आणि उत्तर रिकामं येतं. पिंगलाला थांबायचं कधी ते माहीत आहे, कारण ओळीत अक्षरं किती ते आधीच ठरलेलं आहे. आपण ज्याला आठ बिट, सोळा बिट म्हणतो तसंच हे. जागा आधी ठरवायच्या, उरलेल्या शून्यांनी भरायच्या.

काकूंनी मग मला एक आकडा दिला: ५८६. "बारा अक्षरं. काढ."

तुम्हीही काढा, खरंच. ५८६ सम, ल, २९३. विषम, ग, १४७. विषम, ग, ७४. सम, ल, ३७. विषम, ग, १९. विषम, ग, १०. सम, ल, ५. विषम, ग, ३. विषम, ग, २. सम, ल, १. विषम, ग, १. विषम, ग. लिहा एका ओळीत: लगग लगग लगग लगग. यमाता चार वेळा. चार य गण म्हणजे भुजंगप्रयात, आणि भुजंगप्रयात म्हणजे मनाचे श्लोक. शाळेच्या प्रार्थनेत, आजीच्या शेजारी बसून, स्पर्धेत बक्षिसाची वही मिळवायला तुम्ही जी चाल म्हटली असेल, ती बारा अक्षरांच्या ४,०९६ रचनांमधली ५८६ वी. एक वजा करा, ५८५, बायनरीत १००१००१००१. ठेका अक्षरशः डोळ्यांना दिसतो.

मी काकूंना विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे वर्गात का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "परीक्षेत दोन मार्काला गण पाडून वृत्त ओळखा एवढंच यायचं. पाढे कुठे काढत बसणार?" हे त्यांनी सहज म्हटलं, पण आवाज जरा उतरला होता.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर जाणकार रागावतील. हे सगळं अक्षरगणवृत्तांपुरतं आहे. ज्ञानेश्वरीची ओवी किंवा तुकोबांचा अभंग लघु-गुरूच्या अशा जाळ्यात बसत नाही. तिथे हे यंत्र लावलं तर काहीही निघणार नाही. मराठीचा मोठा ठेवा या हिशेबाबाहेरच आहे.

नष्टाच्या उलटं असतं ते 'उद्दिष्ट'. रचना दिली आहे, क्रमांक सांगा. म्हणजे बायनरीवरून साधी संख्या. शेवटच्या अक्षरापासून उलटं यायचं, १ पासून सुरुवात, लघु आला तर दुप्पट, गुरू आला तर दुप्पट करून एक वजा. सदाशिव: व ला २, शि ला ४, दा ला ८ वजा १ म्हणजे ७, स ला १४. जुळलं.

आणि मग माझी सगळ्यात आवडती पायरी, 'संख्या'. दहा अक्षरांच्या एकूण रचना किती? आपण दहा वेळा दुप्पट करू. पिंगल तसं करत नाही. १० सम आहे, निम्मे कर, ५, खूण लिही '२'. पाच विषम, एक वजा, ४, खूण लिही 'शून्य'. चाराचे दोन, खूण २. दोनाचा एक, खूण २. एक विषम, एक वजा, खूण शून्य. आता खुणा शेवटाकडून वाच. १ घे. शून्य दिसलं की दुप्पट, २ दिसला की वर्ग. १ चे २, मग ४, मग १६, मग ३२, मग १,०२४. दहाऐवजी पाच पायऱ्यांत काम झालं. अक्षरं शंभर असतील तर फरक प्रचंड पडतो. आजच्या आरएसए सारख्या कूटलेखनात मोठाले घातांक काढायला 'वर्ग कर, गुण, वर्ग कर' हीच युक्ती वापरतात. इथे 'शून्य' ही फक्त खूण आहे, दोन पायऱ्यांत फरक करणारी, तिच्याशी बेरीज-वजाबाकी होत नाही. पण खुणेला दुसरं काहीही नाव देता आलं असतं आणि दिलं ते शून्य, हे मला थांबवून ठेवतं.

मग पिंगलाने बायनरीचा शोध लावला का? या प्रश्नावर मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका भागात मी छाती फुगवून "हो" म्हणालो होतो आणि एका श्रोत्याने शांतपणे विचारलं होतं, "पिंगलाने दोन बायनरी संख्यांची बेरीज कुठे केली आहे?" नाही केलेली. त्याला संख्या लिहायच्याच नव्हत्या, त्याला रचना मोजायच्या होत्या. ० आणि १ या अंकांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं चालवता येतं हे छापून मांडलं जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने, १७०३ साली, पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या प्रकाशनात. त्यालाही चीनमधल्या तुटक आणि अखंड रेषांच्या चौसष्ट आकृत्या बघून हर्ष झाला होता. त्या त्याला तिथल्या एका जेझुइट पाद्रीने पाठवल्या होत्या. पिंगल वाचून त्याने हे केलं म्हणायला काहीही आधार नाही. पिंगलाचा ग्रंथ युरोपातल्या पंडितांपुढे नीट आला तो १८६३ मध्ये, आल्ब्रेख्त वेबरने बर्लिनहून काढलेल्या आवृत्तीतून.

त्यामुळे माझं आजचं मत असं: बायनरी अंकगणित पिंगलाचं नाही. पण क्रमांकावरून दोन खुणांची रचना काढायची आणि रचनेवरून क्रमांक काढायचा, या दोन्ही रीती त्याच्याकडे पूर्ण, बिनचूक, कोणत्याही लांबीला चालतील अशा आहेत. तुम्ही पहिल्या सेमिस्टरला जो प्रोग्राम लिहिता, त्याचा गाभा तोच आहे. एवढं सिद्ध असताना जास्तीचं कशाला सांगायचं, असं मला आता वाटतं.

आणि ही गोष्ट पिंगलापाशी थांबली नाही, ती आपल्या इकडेही आली. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावर टीका लिहिली आणि त्यात 'मेरुप्रस्तार' समजावला: चार अक्षरांत दोनच लघु असलेल्या रचना किती, तर सहा. हे सांगणारा आकड्यांचा डोंगर म्हणजे शाळेत आपण ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतो तोच. मग ११५० मध्ये भास्कराचार्यांची लीलावती. चाळीसगावजवळच्या पाटण गावात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. लीलावतीत गायत्रीच्या चोवीस अक्षरांच्या एकूण रचना दिल्यात: १,६७,७७,२१६. आता तुमच्या मोबाइलची माहिती उघडा. स्क्रीनवर १.६७ कोटी रंग दिसतात असं लिहिलेलं असतं ना? लाल, हिरव्या, निळ्याला प्रत्येकी आठ बिट, एकूण चोवीस बिट, दोनाचा चोविसावा घात. आकडा तोच, शेवटच्या सहापर्यंत.

पुढच्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. काम हिशेबखात्याचं, लिहिलं संगीतरत्नाकर. सात स्वर एकदाच वापरून किती ताना होतात? ५,०४०. त्यातली अमुक नंबरची तान कोणती? तिथेही नष्ट आणि उद्दिष्ट. इथे दोनने भागून चालत नाही, घरांच्या किमती १, २, ६, २४, १२०, ७२० अशा चढतात. पण प्रश्न तोच आहे, यादी न लिहिता ओळ काढा. हा प्रोग्राम लिहून बघा, जरा घाम फुटेल.

संगीतरत्नाकर पुण्यात छापला गेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आनंदाश्रम संस्थेत. आनंदाश्रम कुठे आहे? अप्पा बळवंत चौकाजवळ. मी पहिलं प्रोग्रामिंगचं पुस्तक, कोपरे मुडपलेलं, सेकंडहँड, त्याच चौकात घेतलं होतं. दुकानदाराने भाव केला नाही. तिथून चालत काही मिनिटांवर हे सगळं छापून ठेवलेलं होतं आणि मी वडापाव खाऊन परत गेलो.

याच आनंदाश्रमाने लीलावतीची सटीक आवृत्ती काढली १९३७ मध्ये. त्याच वर्षी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, पूर्वी फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणारे कवी, यांच्या 'छंदोरचना' या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती आली. मराठी वृत्तांचा इतका कसून विचार त्याआधी झाला नव्हता. पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी. लिट. दिली. आणि त्याच १९३७ मध्ये तिकडे अमेरिकेत एमआयटीत क्लॉड शॅनन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी प्रबंध लिहीत होता, की विजेच्या स्विचच्या चालू-बंद या दोन अवस्थांनी तर्क आणि आकडेमोड दोन्ही करता येतील. या दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. पुण्यात एक माणूस लघु-गुरू मोजतोय, केंब्रिजमध्ये दुसरा चालू-बंद, आणि मला दोघेही एकाच वर्षाच्या कॅलेंडरवर दिसतात. पुढे १९९१ मध्ये पुण्यातच सीडॅकने महासंगणक बांधला आणि नाव ठेवलं परम. प-र-म, तिन्ही लघु, १११. आता मला नावं अशीच ऐकू येतात, नाइलाज आहे.

त्या व्हॉइस नोटवाल्या मुलाला मी उत्तर पाठवलं, तेव्हा आधी विचारलं, दहावीला वृत्तं होती का रे? म्हणाला, "होती, पण ते कॉम्प्युटरला काय कामाचं?" मी त्याला ५८६ पाठवला, नियम दोन ओळींत सांगितला, बाकी काही नाही. रात्री साडेअकराला त्याची परत नोट आली. सुरुवातीला नुसतं पुटपुटणं, सम, ल, विषम, ग, विषम, ग. मग जरा शांतता. मग तो ती चाल गुणगुणतोय, शब्द नाहीत, नुसता ठेका. मागून रूममेट ओरडतोय की झोप आता.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रोग्राम पाठवला. चालतो. शून्य दिलं की मात्र रिकामं उत्तर येतं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला सापडेल.